बाप राखीव दलात, मुलगी धरण्याला, आणि घरात अबोला

पत्र: ताई, मी कळव्याला राहते. मिस्टर राज्य राखीव पोलीस दलात आहेत, २४ वर्षं नोकरी झाली. मुलगी २० वर्षांची, ठाण्यात कॉलेजला, टीवायला. मागच्या महिन्यात ती लॅपटॉपवर कॉलेजचं प्रेझेंटेशन करत बसली होती, १९७० ला अमेरिकेत केंट स्टेट युनिव्हर्सिटीत नॅशनल गार्डने, म्हणजे तिकडच्या राखीव फौजेने, विद्यार्थ्यांवर गोळीबार केला त्याच्यावर. हे बंदोबस्तावरून दमून आले, स्क्रीनवर फोटो बघितला, काय आहे विचारलं, आणि ऐकून म्हणाले, "दगड मारले असतील, मग गोळी खाणारच. मी असतो तर मीपण घातली असती." ती म्हणाली, "मी असते तिथे तर?" हे म्हणाले, "तरीपण." तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, जेवायचा निरोपसुद्धा माझ्यामार्फत. यांनी स्वतः आजवर कधी जमावावर गोळी चालवलेली नाही, उलट एका बंदोबस्तात यांच्याच भुवईवर दगड बसून टाके पडले होते. आता पुढच्या महिन्यात परीक्षांच्या गोंधळावरून कोर्टनाक्याला कलेक्टर ऑफिससमोर पोरांचं धरणं आहे, ही जाणार म्हणते. मी कोणाची बाजू घेऊ? तिला अडवू का? आणि यांची ड्युटी नेमकी तिथेच लागली तर? तो विचार आला की रात्रभर झोप नाही. – एक आई, कळवा

ताई, तुम्हाला आजूबाजूचे सगळे सांगत असतील की बापलेकीच्या मध्ये पडू नको, होईल आपोआप नीट. मला ते पटत नाही. मोर्चे बरोबर की चूक, सरकार चांगलं की वाईट, यात कोणाचीच बाजू घेऊ नका, ते दोघं आयुष्यभर भांडले तरी चालेल. पण "तरीपण" जे साहेब बोलले ना, तेवढ्यापुरती तुम्ही मुलीची बाजू घ्या आणि उघडपणे घ्या, तिच्यासमोर. २० वर्षांच्या पोरीने बापाला विचारलं, मी समोर असते तर? आणि बाप तरीपण म्हणाला. दमलेला माणूस रागात बोलून जातो, मला माहितीये, तुम्हालाही माहितीये, पण तिला कोणी सांगितलंय का? साहेबांनी ते बोलणं मागे घ्यायला हवं, बाकी मतं ठेवा म्हणावं तुमची तुमच्याकडे.

आता ते असं सहज मागे घेणार नाहीत, कारण त्यांच्या मनात दगड आहे. भुवईवर टाके पडलेला माणूस आहे तो. म्हणून केंट स्टेटला काय झालं ते जरा नीट सांगते, म्हणजे तुम्हाला त्यांच्याशी बोलता येईल, आणि त्यातलं बरंचसं तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळेल.

३० एप्रिल १९७० ला प्रेसिडेंट निक्सन टीव्हीवर आले आणि सांगितलं की अमेरिकन फौज आता कंबोडियात घुसतेय. व्हिएतनामचं युद्ध आवरतं घेणार म्हणत होते आणि ते वाढलंच, तिकडच्या पोरांना लष्करात सक्तीने बोलावणं येत होतं, त्यामुळे देशभर कॉलेजं पेटली. ओहायो राज्यातल्या केंट गावात १ मेच्या रात्री दुकानांच्या काचा फुटल्या, २ मेला कॅम्पसमधली आरओटीसीची इमारत जळाली, म्हणजे विद्यापीठातल्या मुलांना लष्करी अधिकारी व्हायचं ट्रेनिंग देतात त्या विभागाची. म्हणजे पोरं सगळी अगदी गरीब गाय होती असं मी म्हणत नाहीये आणि तुमच्या मुलीनेही प्रेझेंटेशनमध्ये ते लपवू नये. मग गार्ड आले. आणि हे साहेबांना जरूर सांगा, की ते गार्डसुद्धा ट्रक ड्रायव्हरांच्या संपाच्या बंदोबस्तावरून थेट इकडे आणलेले होते, झोप नाही धड, आणि त्यातले कितीतरी जण वयाने त्या विद्यार्थ्यांएवढेच. बंदोबस्तावरून बंदोबस्तावर पाठवणं म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको.

४ मे, सोमवार. दुपारच्या सभेला बंदी होती तरी पोरं जमली, गार्डने पांगा म्हणून सांगितलं, अश्रुधुराची नळकांडी टाकली, वारा होता त्यामुळे धूर टिकेना, पोरांनी नळकांडी उचलून परत फेकली, दगड फेकले, शिव्या दिल्या. गार्ड संगिनी लावून टेकडी चढून पलीकडे प्रॅक्टिसच्या ग्राउंडवर उतरले, तिथे जाळीचं कुंपण, पुढे जाता येईना, थोडा वेळ तिथेच अडकले, मग परत टेकडी चढले. वर पोचल्यावर एकदम वळले आणि फायरिंग सुरू. १३ सेकंद. ६१ ते ६७ गोळ्या. ४ मेले, ९ जखमी झाले, त्यातला एक मुलगा कायमचा व्हीलचेअरवर गेला.

त्या चौघांची नावं एलिसन क्राउझ, जेफ्री मिलर, सँड्रा शॉयर आणि विल्यम श्रोडर. यातले सँड्रा आणि विल्यम त्या निदर्शनात नव्हतेच, एका लेक्चरवरून दुसऱ्या लेक्चरला निघालेले. सँड्रा २० वर्षांची, स्पीच थेरपी शिकत होती. दोघंही गार्डपासून ३९० फुटांच्या आसपास होते, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलची जवळजवळ निम्मी लांबी. तुम्ही ठाणे स्टेशनला प्लॅटफॉर्मवर उभ्या राहून बघा एकदा, एवढ्या लांबून दगड मारणारं पोर आणि वह्या घेऊन चाललेलं पोर यातला फरक दिसतो का, आणि एवढ्या लांबून दगड तरी पोचतो का. आणि विल्यम श्रोडर तर स्वतः आरओटीसीचा कॅडेट होता, उद्या युनिफॉर्म घालणारा मुलगा, त्याला गोळी पाठीत लागली.

साहेब म्हणाले ना, दगड मारले मग गोळी खाणारच? पण गोळी खाल्ली कोणी, तर क्लासला चाललेल्या मुलीने. मला या सगळ्यात हेच सर्वात महत्त्वाचं वाटतं आणि म्हणून मी एवढं लिहितेय. रायफल गर्दीवर रोखली की ती निवड करत नाही. लाठी मारणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो, निदान दिसू शकतो. युद्धासाठी बनवलेली रायफल, त्यांच्याकडे एम-वन होत्या, ती कॅम्पसमध्ये चालवली की कोण सापडेल ते कोणाच्याच हातात राहत नाही, चालवणाऱ्याच्याही नाही.

आणि दुसरं, "मी असतो तर मीपण घातली असती". ताई, त्या दिवशी टेकडीवर ७० च्या वर गार्ड होते. फायर केलं २८ जणांनी, आणि त्यातल्याही बऱ्याच जणांनी हवेत किंवा जमिनीत. म्हणजे तेच दगड, तोच धूर, तीच झोपमोड, तोच उन्हाचा तास, आणि तरी चाळीसच्या वर जणांनी ट्रिगर दाबला नाही. तुमचे मिस्टर २४ वर्षं बंदोबस्ताला जातात, भुवई फुटली तेव्हाही त्यांनी गोळी चालवली नाही. मग ते "मी असतो तर" म्हणतात ते कशावरून? ते असते तर त्या चाळीसमध्ये असते. हे त्यांना तुम्ही सांगा, वाद घालायच्या सुरात नको, जे खरं आहे ते म्हणून सांगा. मुलीलाही सांगा. माझ्या मते घरातला अबोला फुटला तर तो इथूनच फुटेल.

नियम तर त्यांना पाठच असणार. आधी जमाव बेकायदेशीर आहे हे सांगून पांगण्याचा हुकूम, पूर्वी सीआरपीसीचं कलम १२९ होतं ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४८ झालंय, मग पाणी, अश्रुधूर, लाठी तीपण कमरेखाली, आणि फायरिंग अगदी शेवटी, इशारा देऊन, कमीत कमी, आणि जमाव फुटायला लागला की लगेच बंद. हे त्यांनी आपल्या तोंडाने मुलीला समजावून सांगावं असं मला फार वाटतं, कारण तिला पुस्तकात हे एवढं मिळणार नाही आणि तिच्या प्रेझेंटेशनला खरंच याची गरज आहे. केंटला हुकूम दिला कोणी, दिला होता की नाही, हे इतक्या वर्षांत कधी पक्कं सिद्धच झालं नाही. ऑर्डरशिवाय फायर म्हणजे काय असतं हे राखीव दलातल्या माणसाला विचारा, बघा चेहरा कसा होतो.

नंतर प्रेसिडेंटनेच नेमलेल्या स्क्रँटन कमिशनने दोन्ही बाजू तपासल्या, पोरांच्या जाळपोळीला आणि दगडफेकीला गुन्हाच म्हटलं, आणि त्या गोळीबाराबद्दल मात्र स्पष्ट लिहिलं की तो अनावश्यक होता, असमर्थनीय होता आणि त्याला माफी नाही. विद्यार्थ्यांसमोर उभ्या करायच्या गार्डच्या हातात सरसकट भरलेल्या रायफली देणं इथेच थांबलं पाहिजे असंही लिहिलं. ८ गार्डवर केस झाली, टिकली नाही. १९७९ ला कोर्टाबाहेर ६ लाख ७५ हजार डॉलर सगळ्या कुटुंबांना आणि जखमींना मिळून मिळाले, सोबत एक खेद व्यक्त करणारं निवेदन. चार पोरं आणि नऊ जखमी, त्याचे हे एवढे.

पण ताई, मला जास्त लागलं ते वेगळंच. गोळीबारानंतर गॅलप या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने लोकांना विचारलं, दोष कोणाचा, तर ५८ टक्के म्हणाले विद्यार्थ्यांचा. गार्डचा म्हणणारे ११ टक्के. म्हणजे जे साहेब तुमच्या हॉलमध्ये बोलले ते तेव्हा निम्म्याहून जास्त अमेरिका आपापल्या घरात बोलत होती, आणि त्या घरांमध्ये कॉलेजला जाणारी पोरं बसलेली होती, ऐकत. त्यामुळे मिस्टरांना राक्षस समजू नका आणि मुलीलाही समजू देऊ नका. हे फार साध्या, चांगल्या लोकांच्या तोंडून निघतं. म्हणूनच ते निघाल्या निघाल्या कोणीतरी धरायला पाहिजे.

त्यानंतर दहाबारा दिवसांतच, १४ मे संपून १५ सुरू झाला त्या रात्री, मिसिसिपीत जॅक्सन स्टेट या काळ्या मुलांच्या कॉलेजात पोलिसांनी मुलींच्या हॉस्टेलवर गोळ्यांचा पाऊस पाडला, २ मेले, त्यातला एक शाळकरी मुलगा, कामावरून घरी चाललेला. ते फारसं कोणाला आठवत नाही. मुलीला सांगा एक स्लाइड त्याचीही टाक.

आणि हे सगळं तिकडचंच आहे असं नका समजू. आपल्याकडे १९४२ ला नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळेतला पोरगा तिरंगा हातात घेऊन गोळीला सामोरा गेला, त्याची गोष्ट आपण १५ ऑगस्टला पोरांकडून पाठ करून घेतो, भाषणं बसवतो. तेव्हा गोळी घालणारे इंग्रजांचे पोलीस होते म्हणून आपल्याला सोपं जातं. अलीकडचं बघायचं तर १५ डिसेंबर २०१९ ला दिल्लीत जामिया विद्यापीठाच्या लायब्ररीत पोलीस शिरले, लाठ्या, अश्रुधूर, आणि एका विद्यार्थ्याचा एक डोळा गेला. तो सांगतो मी लायब्ररीत अभ्यास करत होतो. परत तेच, सापडला तो अभ्यासाला बसलेला.

आता धरणं. अडवू का म्हणून विचारलंत. नका अडवू. २० वर्षांची आहे, शांतपणे आणि विनाशस्त्र जमायचा हक्क घटनेच्या कलम १९ ने तिला दिलाय, आणि अडवलंत तर ती खोटं सांगून जाईल आणि मग तुम्हाला ती कुठे आहे तेसुद्धा कळणार नाही. पण तयारीने पाठवा. आणि ही तयारी बापाने करून द्यावी. एखाद्या रविवारी दोघांना कोर्टनाक्याला पाठवा, काहीतरी जांभळी नाक्यावरून आणायला सांगा वाटलं तर. त्यांना एकदा रस्ता दिसला की ते आपोआप बोलायला लागतील, बॅरिकेड इथे लागतं, गाडी इथे उभी असते, पळापळ झाली तर स्टेशनकडे सगळे धावतात तिथे चेंगराचेंगरी होते तू तलावपाळीच्या बाजूला निघ, भिंतीला चिकटून उभी राहू नको. या गोष्टी त्यांच्याइतक्या ठाण्यात कोणाला माहीत असणार.

मुलीने आयोजकांना आधीच विचारायचं, पोलीस स्टेशनला पत्र दिलंय का, परवानगीचं काय झालं, कारण ठाणे आयुक्तालयात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश वरचेवर निघत असतात आणि पोरांना पत्ताच नसतो. उत्तर गुळमुळीत आलं तर त्या दिवशी जाऊ नये, पुढच्या वेळी जावं. पायात बूट, चप्पल नको. लेन्स लावत असेल तर त्या दिवशी चष्मा, धूर लेन्सच्या मागे अडकला की डोळ्याचं फार वाईट होतं. पाण्याची बाटली, ओळखपत्र. धूर आलाच तर डोळे अजिबात चोळायचे नाहीत, वारा जिकडून येतोय तिकडे चालायचं आणि भरपूर साध्या पाण्याने धुवायचे. तुमचा नंबर बॉलपेनने हातावर लिहून जायचं, मोबाईल हरवतो, बंद पडतो, काढून घेतात.

दगड सुरू झाले तर निघायचं, त्याच मिनिटाला. मैत्रीण थांबली तरी निघायचं. यात भित्रेपणा काही नाही. कायद्याने बेकायदेशीर जमावात दगड न मारणाऱ्यालाही गुन्ह्यात ओढता येतं, आणि समोरून बघणाऱ्याला तर कोण मारतंय कोण नाही ते कळतच नाही, वर सँड्राचं सांगितलंच. आणि जो शेजारी उभा राहून "मार, मार" म्हणतोय तो तिचा मित्र नाही एवढं तिला समजलं पाहिजे. तो दगड कोणाच्या तरी भुवईवर बसतो. तिने वडिलांना त्या टाक्यांबद्दल कधी नीट विचारलंय का हो? कुठे होते, काय झालं, दवाखान्यात कोणी नेलं? नसेल तर विचारू दे. ते तिने करायचं काम आहे.

ताब्यात घेतलं तर घाबरायचं नाही, कुठल्या पोलीस स्टेशनला नेताय ते विचारायचं आणि घरी कळवायला सांगायचं, अटक झाली तर नातेवाइकाला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं. सूर्य मावळल्यावर मुलीला अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी लागते आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. फुकट वकील हवा असेल तर १५१०० ला फोन करायचा, सरकारी विधी सेवेचा नंबर आहे, तुम्हीपण सेव्ह करा. करिअरचं काय, असं तुम्ही लिहिलं नाहीये पण तुमच्या मनात असणारच, तर एफआयआर झाली की पासपोर्टच्या आणि सरकारी नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनला ती निघते, हे तिला खरंखरं सांगा, धमकी म्हणून सांगू नका. ठरवू दे तिला.

आणखी एक. आंदोलन बिघडायला लागलं तर तिथे मोठ्या माणसांनी असलं पाहिजे. केंटला गोळीबार झाल्यावर पोरं उठून गेलीच नाहीत, बसून राहिली, काही जण परत गार्डवर जायच्या तयारीत, आणि गार्डच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की पांगा नाहीतर आम्ही पुढे येतोय. तेव्हा ग्लेन फ्रँक नावाचे जिऑलॉजीचे प्रोफेसर मध्ये गेले, अधिकाऱ्यांकडे थोडा वेळ मागून घेतला, आणि पोरांसमोर अक्षरशः रडत विनवण्या केल्या, आयुष्यात कधी कोणाचं ऐकलं नसेल तरी आज ऐका अशा अर्थाचं बोलले, आणि पोरं उठली. त्यांच्यामुळे अजून किती जीव वाचले सांगता येणार नाही. तुमच्या मुलीच्या कॉलेजातले कोणी सर, मॅडम त्या दिवशी कोर्टनाक्याला येणार आहेत का, हे विचारा. नसतील तर चारपाच पालकांनी मिळून जावं, घोषणा नका देऊ, नुसतं बाजूला उभं राहा, पोलिसांना आणि पोरांना दोघांनाही दिसाल असं. तुम्ही जाऊ शकलात तर जा.

आता शेवटचं, जे तुम्हाला झोपू देत नाहीये. यांची ड्युटी तिथेच लागली तर. राखीव दलाची कंपनी कुठे लागेल ते आदल्या दिवशीपर्यंत कळत नाही, त्यामुळे हा प्रश्न खरा आहे, तुम्ही उगाच काही मनात आणत नाही आहात. साहेबांना आत्ताच सांगा, धरण्याची तारीख लिहून द्या. ड्युटी तिथे निघाली तर त्यांनी आपल्या कंपनी कमांडरला सरळ सांगावं की साहेब, माझी मुलगी त्या धरण्यात आहे, मला दुसरीकडे लावा. यात लाज कसली, अधिकारीही पोरांचे बाप असतात, आणि शहाणा अधिकारी असा माणूस त्या लायनीत उभा करणार नाही, त्याच्या दृष्टीनेही ते धोक्याचंच. त्यांनी ऐकलं नाही तर मुलीला फोन करून मी इथे आहे एवढं कळवावं, आणि तो फोन साहेबांनी स्वतः करावा, तुमच्यामार्फत नको.